बाकीची एकशे नव्याण्णव

आमच्या घरी दर दिवाळीला दादासाठी चपलांचे दोन जोड यायचे. एक नऊ नंबरचा, एक सहाचा. त्याचा डावा पाय नऊचा, उजवा सहाचा. उरलेली नऊची उजवी आणि सहाची डावी आई जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून लोखंडी पेटीत ठेवायची. कोऱ्या करकरीत चपला, कुणीच न घातलेल्या. मी एकदा विचारलं, ह्या कशाला साठवतेस? म्हणाली, "असंल की कुणाचं तरी उलटं. त्याला होतील."

कुठल्यातरी गावात डावा पाय सुकलेला आणि उजवा धडधाकट असलेला एक मुलगा आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. तो मुलगा आम्हाला कधी भेटला नाही. पेटी मात्र भरत गेली.

दादाचा जन्म १९७४चा, माझा १९७७चा. त्यामुळे त्याचा पाय गेला ती हकिकत मला फक्त आईच्या तोंडून माहीत आहे. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, दुधना नदीच्या काठचं. १९७५चा श्रावण. दादा चौदा महिन्यांचा, भिंत धरून नुकता उभा राहायला लागलेला. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी आई-वडील त्याला घेऊन बैलगाडीनं बाजारच्या गावाला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, कुल्ल्यात सुई दिली, पुडी बांधून दिली. रात्री ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्याला भिंतीशी उभं केलं, तर उजवा पाय ओल्या फडक्यासारखा खाली गोळा झाला.

इथपर्यंत हकिकत दर वेळी सारखीच असायची. का झालं, हे मात्र बदलत गेलं. आजी होती तोवर 'वारं गेलं'. गावाच्या मते 'सुईनं नस मेली'. आईनं हे दुसरं कारण धरून ठेवलं, कारण सुई देताना दादाला मांडीवर घट्ट दाबून धरणारी तीच होती. पुढे नर्सबाई गावात डोस द्यायला येऊ लागल्या, दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं रंगवली गेली आणि आईला तिसरं कारण सापडलं. आपण लस दिली नाही. खरं म्हणजे १९७५ साली आमच्या गावात लस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस सरकारी कार्यक्रमात आली ती १९७८नंतर, आणि खेड्यापाड्यांत नीट पोचायला पुढे आणखी वर्षं गेली. हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. ती मान डोलवायची. पटायचं नाही.

मालीश कशी करायची, कॅलिपरचे पट्टे किती घट्ट बांधायचे, शस्त्रक्रियेसाठी कुठल्या शहरात जायचं, हे सगळं तिला सांगणारे भेटले. हे का झालं, ते सांगायला कुणी थांबलं नाही. पोलिओबद्दल मी वाचायला लागले ती ह्या एका गोष्टीपायी.

पहिलीच गोष्ट वाचली आणि कितीतरी वेळ पुढचं पान उलटवलं गेलं नाही. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पुढच्या तोंडात जातो. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना ताप, घसा, पोटात गडबड. साधारण दोनशे जणांना लागण होते तेव्हा एखाद्याच्याच मज्जारज्जूत तो पोचतो आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. म्हणजे त्या श्रावणात दादाचा पाय गेला, तेव्हा हा विषाणू आमच्या पंचक्रोशीत शेकडो मुलांच्या पोटातून जाऊन आला होता. कुणाच्या आईला कळलंसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट सुईची. गाव अगदीच चूक नव्हतं. १९५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवलं होतं की साथ चालू असताना ज्या मुलांना नुकतंच इंजेक्शन दिलं होतं, त्यांच्यात लुळेपणा जास्त दिसतो, आणि तोही सुई टोचली त्याच हातापायात. असं का, हे बरंच नंतर कळलं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात मथायस ग्रोमायर आणि एकार्ट विमर यांनी १९९८मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की स्नायूला इजा झाली की रक्तातला विषाणू त्या जागच्या चेतातंतूला धरून उलटा वर चढतो आणि थेट मज्जारज्जूत पोचतो. सुईनं पोलिओ होत नाही. विषाणू आधीच अंगात असावा लागतो. पण पोलिओच्या तापात दिलेली सुई त्याला रस्ता दाखवू शकते.

हे लिहिताना मला भीतीही वाटते, म्हणून स्पष्ट सांगते. ह्यावरून कुणी लसीची सुई टाळण्याचा अर्थ काढू नये. आज आपल्याकडे तो विषाणू मुलांच्या अंगात नाही आणि पोलिओची टोचायची लस तर त्याच्यापासूनच राखते. बाजारच्या गावातल्या त्या डॉक्टरांनाही मी दोष देत नाही. तापाला सुई, हे त्या काळी सगळीकडे चालत होतं. लोकच मागायचे.

डिसेंबर १९९५मध्ये देशभर पहिल्यांदा पल्स पोलिओ झालं तेव्हा मी अकरावी-बारावी उरकून कॉलेजात गेले होते आणि सुट्टीला गावी होते. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालच्याच मुलांना डोस होता. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं, थर्मासासारखा निळा डबा, त्यात बर्फाच्या लाद्या आणि मधे लसीच्या बाटल्या. दादा तेव्हा एकवीस वर्षांचा. कुणीतरी त्याला बोलावून आणलं आणि टेबलाशेजारी खुर्चीत बसवलं, कॅलिपर दिसेल असं. लेकरं घेऊन येणाऱ्या बायकांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, डोस नाही पाजला तर असं होतं बघा.

सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. बायका खरंच बघत होत्या आणि मुलं पुढे करत होत्या. दादानं तासभर सोसलं. मग म्हणाला, "मला दाखवायला बसवू नका. मोजायला बसवा." त्यानं कागद ओढून घेतला आणि दिवसभर रेघा मारल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पुढची कित्येक वर्षं तो ते काम करत राहिला. तहसील कचेरीत नोकरी लागल्यावरही त्या दिवशी बूथवर हजर असायचा. नंतरच्या वर्षांत बाटलीच्या लेबलावर एक गोल आणि त्यात पांढरा चौकोन यायला लागला. लस तापली की तो चौकोन काळसर होत जातो आणि गोलाच्या रंगाला पोचला की बाटली फेकायची. दादा प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून तो चौकोन बघायचा. करंगळीवरची शाई, दारावर खडूनं काढलेलं 'पी' किंवा फुलीचं चिन्ह, बंद घरांच्या याद्या, ह्या सगळ्यावर त्याचा फार जीव.

आज त्या मोहिमांकडे वळून बघताना मला त्यांच्यातली मोजणीच मोठी वाटते. १९८८मध्ये जगानं पोलिओ संपवायचं ठरवलं तेव्हा वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आपल्या देशात सगळ्यात चिवट होते ते पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारमधला कोसीच्या पुराचा पट्टा. तिथल्या मुलांना पाच-पाच, सहा-सहा डोस देऊनही पोलिओ व्हायचा. दाटीवाटीची वस्ती, सततची हगवण, आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे जंतू, ह्यामुळे लस मुलांच्या पोटात रुजायचीच नाही. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन हे वर्षानुवर्षं सांगत होते की आपल्या मुलांना तीन डोस पुरत नाहीत. २००९मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातल्या निम्म्याच्या जवळपास. २०१०मध्ये पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ आणि ३ अशा दोनच प्रकारांवरची नवी लस आली, त्या वर्षी ४२. २०११मध्ये एक. १३ जानेवारी २०११, हावडा जिल्हा, दीड वर्षाची मुलगी. त्यानंतर कुणी नाही. २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग भारतासकट सगळा पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्या दिवशीचा पेपर मी दादाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "त्या पोरीला आता जन्मभर शेवटची म्हणतील."

ह्या मोजणीतलं एक ठिकाण मुंबईत आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेचं आवार आहे. तिथे पोलिओची लस तयार होते आणि त्याच आवारात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, आंत्रविषाणू संशोधन केंद्रात पोलिओच्या विषाणूचा माग काढला जायचा. देशात कुठेही एखाद्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. लस जशी गारठ्यात गावात जाते तसे हे नमुने गारठ्यात गावातून येतात. दादाच्या वेळी हे असतं तर आईला निदान आजाराचं नाव पंधरवड्यात कळलं असतं.

२००१पासून तिथे आणखी एक काम सुरू झालं. मुंबईच्या वस्त्यांमधलं सांडपाणी नियमित तपासायचं. लुळं पडलेलं मूल सापडेपर्यंत शेकडोंना लागण झालेली असते, पण गटार आधीच सांगतं. मुंबईत एकही रुग्ण नसताना पाण्यात विषाणू मिळायचा. ह्या विषाणूचं सगळं जनुकीय बाड जेमतेम साडेसात हजार रासायनिक अक्षरांचं. त्यातल्या एका नऊशे अक्षरांच्या तुकड्यात वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात. त्यामुळे दोन नमुने शेजारी ठेवले की ते किती वर्षांपूर्वी वेगळे झाले, कुठून आले, हे सांगता येतं. उत्तरेतून रेल्वेनं आलेल्या माणसांबरोबर विषाणूही मुंबईत उतरत होता, हे अशानंच कळलं. मुंबईच्या सांडपाण्यात जंगली, म्हणजे निसर्गातला मूळ, पोलिओ शेवटचा मिळाला तो नोव्हेंबर २०१०मध्ये. गटाराच्या पाण्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं भरणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात.

आता जे लिहायचं आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच सांगायला लोक कचरतात.

थेंबांची लस म्हणजे जिवंत विषाणू. दुबळा केलेला, पण जिवंत. त्यातच तिची ताकद आहे. सुई लागत नाही, स्वस्त पडते, आतड्यातच पहारा बसवते आणि डोस घेतलेल्या मुलाकडून शेजारच्या मुलालाही पोचते. गरीब, दाट वस्तीत पोलिओ हटला तो हिच्यामुळे. पण जिथे थोड्याच मुलांना डोस मिळतो तिथे हा दुबळा विषाणू न लस घेतलेल्या मुलांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, महिनोन्‌महिने, आणि फिरता फिरता गमावलेली अक्षरं परत मिळवतो. मग तो पुन्हा लुळं पाडू शकतो. २००० साली हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात अशी साथ पहिल्यांदा नीट ओळखली गेली. ह्याखेरीज लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला खुद्द लसीमुळेच पोलिओ होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज साधारण २७ लाख डोसांमागे एक असा आहे.

पोलिओचे तीन प्रकार. टाइप २चा जंगली विषाणू शेवटचा मिळाला १९९९मध्ये, आपल्या अलीगढला. म्हणजे त्यानंतर टाइप २नं जी मुलं लुळी पडत होती ती जवळपास सगळी लसीतल्या विषाणूमुळेच. म्हणून एप्रिल २०१६मध्ये दीडशेहून अधिक देशांनी पंधरा दिवसांत एकदमच टाइप २ लसीतून काढला. भारतात तो दिवस २५ एप्रिल. हिशेब बरोबर वाटत होता. पण काही देशांत फिरत असलेला लसजन्य टाइप २ आधी पुरता आवरलेला नव्हता आणि त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात त्याच्याविरुद्ध पहाराच नव्हता. आफ्रिकेत साथी पेटल्या. एकट्या २०२०मध्ये जगभरात हजारावर मुलं लुळी पडली. पुढे पोलिओ संपवण्याच्या जागतिक मोहिमेनंच नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी त्या निर्णयाला सपशेल अपयश म्हटलं. आपल्याकडेही २०१८मध्ये एका कारखान्याच्या लसीत टाइप २ची भेसळ निघाली. उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या नमुन्यांमध्ये नको तो विषाणू दिसला म्हणून कळलं. ती लस महाराष्ट्रातही आली होती.

त्याही आधीची एक घटना आहे. २००२-०३मध्ये परळच्या त्याच केंद्रात काही लुळ्या पडलेल्या मुलांच्या नमुन्यांत टाइप २ मिळाला, आणि तो निघाला 'एमईएफ-१'. हा प्रयोगशाळांमध्ये संदर्भासाठी सांभाळला जाणारा विषाणू. निसर्गातून संपलेला प्रकार माणसानं जपून ठेवलेल्या कुपीतून मुलांपर्यंत पोचला होता. बेल्जियममध्ये २०१४ला एका लस कारखान्यातून टाइप ३च्या जिवंत विषाणूचा ४५ लिटर दाट द्राव चुकून सांडपाण्यात गेला. नेदरलँड्समध्ये २०१७ला एका कारखान्यात विषाणू सांडला आणि एका कामगाराला लागण झाली. मरण घोषित झालेले विषाणू फ्रीजरमध्ये अजून आहेत, कारण टोचायची लस करायला बहुतेक ठिकाणी तेच वाढवावे लागतात.

आणि फ्रीजर रिकामे केले तरी? २००२मध्ये विमर यांनी, ज्यांच्या उंदरांनी माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं त्याच विमर यांनी, छापून आलेली अक्षरमाला घेतली, टपालानं डीएनएचे तुकडे मागवले, ते जोडले आणि परीक्षानळीत जिवंत पोलिओ विषाणू तयार केला. तेव्हापासून 'समूळ नाश' ह्या शब्दाचा अर्थ बदलला असं मला वाटतं. साडेसात हजार अक्षरं कुठेतरी लिहिलेली राहणारच.

माणसाचं शरीरही असंच एक फ्रीजर होऊ शकतं. ब्रिटनमधल्या एका गृहस्थांची प्रतिकारशक्ती जन्मतः कमी. लहानपणी त्यांना थेंबांची लस दिली होती. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या शौचातून २८ वर्षं टाइप २ बाहेर पडत होता, भरपूर बदललेला आणि घातक. त्यांना स्वतःला काही झालं नव्हतं. अशा माणसांसाठी औषधं शोधायचं काम चालू आहे. त्यांना गुन्हेगारासारखं वागवून चालणार नाही, कारण त्यांनी सांगितलेलं सगळं निमूट केलं होतं.

२०२२च्या उन्हाळ्यात लंडनच्या सांडपाण्यात लसजन्य टाइप २ मिळाला. त्याचाच नातलग जेरुसलेमला आणि न्यूयॉर्क राज्यात रॉकलंड परगण्यात, जिथे एका लस न घेतलेल्या तरुणाचे पाय गेले. ब्रिटन आणि अमेरिकेत फक्त टोचायची लस देतात. ती मुलाला लुळेपणापासून पक्कं वाचवते, पण आतड्यातला पहारा तेवढा कडक नसतो, म्हणून विषाणू बिनबोभाट पुढे जाऊ शकतो. २०२४मध्ये गाझात, पडलेल्या इमारती आणि फुटलेल्या गटारांमध्ये, दहा महिन्यांच्या बाळाचा पाय गेला. तिथे पंचवीस वर्षांत पोलिओ नव्हता. डोस पाजण्यापुरती लढाई रोज काही तास थांबवावी लागली आणि तशातही पहिल्या फेरीत साडेपाच लाखांवर मुलांना थेंब मिळाले. त्या रांगेतल्या आयांची छायाचित्रं बघून मी शाळेत तास घेऊ शकले नव्हते.

त्याच ऑगस्टमध्ये मेघालयात पश्चिम गारो हिल्समधल्या टिक्रिकिला इथे दोन वर्षांच्या मुलाला लसजन्य पोलिओ झाल्याचं कळलं. मी ठाण्यात विज्ञान शिकवते. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर लगेच सुरू झालं, बघा, लसीमुळेच होतो. दुसऱ्या बाजूनं तितक्याच ठामपणे उत्तर आलं की ही अफवा आहे, लसीनं असं कधी होतच नाही. दोन्ही खोटं होतं. मला दुसऱ्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण ते आपल्या बाजूच्या माणसांनी लिहिलं होतं. खरं सांगितलं तर लोक घाबरतील, डोस घेणार नाहीत, हा त्यामागचा विचार मला कळतो. पण मी अशा घरात वाढले आहे जिथे कारण न सांगितल्यामुळे एका बाईनं पन्नास वर्षं स्वतःला दोषी धरलं. मेघालयातल्या त्या आईला कुणीतरी शेजारी बसून सगळं सांगितलं असेल अशी मी आशा करते. मी गटावर लांबलचक लिहिलं. लसीनं हे क्वचित होतं. डोस कमी पडले की जास्त होतं. उपाय म्हणजे सगळ्यांना वेळेवर डोस आणि सोबत टोचायची लस, जी आता आपल्या बाळांना सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि २०२३पासून नवव्या महिन्यात मिळते. तीन जणींनी खाजगीत विचारलं की आमच्या बाळाचा नवव्या महिन्याचा डोस राहिलाय, आता चालेल का. चालेल, म्हटलं. उद्याच जा.

शास्त्रज्ञांनी तरी ही गोष्ट लपवली नाही, उलट तिलाच भिडले. ब्रिटनमधले अँड्र्यू मॅकडम, अमेरिकेतले राऊल आंदिनो आणि कॉन्स्टंटिन चुमाकोव्ह वगैरेंनी टाइप २चा लसविषाणू नव्यानं घडवला. जिथे एकच अक्षर उलटलं की तो पुन्हा घातक व्हायचा, तिथे एकदम अनेक अक्षरं बदलावी लागतील अशी रचना केली. ह्या चुमाकोव्हांचे वडील मिखाईल चुमाकोव्ह यांनीच १९५९च्या सुमारास सोव्हिएत संघात लाखो मुलांना आल्बर्ट सेबिन यांची थेंबांची लस पाजली होती. वडिलांनी जी लस जगापुढे आणली तिच्यातलं न्यून मुलानं दुरुस्त करावं, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न होता, कारण टाइप २ बाहेर सांडून चालणार नव्हतं. २०१७मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठाच्या वाहनतळावर कंटेनरच्या खोल्यांचं एक छोटं गाव उभारलं, त्याला नाव दिलं 'पोलिओपोलिस'. पंधरा-पंधराच्या दोन गटांत स्वयंसेवक अठ्ठावीस दिवस तिथे कोंडून राहिले. शौचाचा कण न् कण गोळा केला गेला. २०२१पासून ही लस साथींमध्ये कोट्यवधी मुलांना दिली गेली आहे. ती पूर्वीपेक्षा खूप स्थिर आहे. पूर्ण निर्धोक मात्र नाही, क्वचित तीही उलटते, आणि हेही त्यांनीच मोजून सांगितलं.

जंगली पोलिओ आता टाइप १चाच उरला आहे आणि त्याचं घर पाकिस्तान-अफगाणिस्तान. पाकिस्तानात २०२१ला अख्ख्या वर्षात एक रुग्ण होता. वाटलं झालं. २०२४ला ७४. अफगाणिस्तानात त्या वर्षी २५, आणि घरोघर जाऊन डोस देणं तिथे थांबवलं गेलं. पाकिस्तानात डोस पाजायला निघालेल्या बायका आणि त्यांच्या रक्षणाला दिलेले पोलीस, दोघांवरही गोळ्या झाडल्या जातात. २०११मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनं ओसामा बिन लादेनचा माग काढायला पाकिस्तानातल्या अबोटाबादेत खोट्या लसीकरणाचा बहाणा केला, त्याची किंमत ह्या बायका मोजत आहेत. ह्यावर मला याहून जास्त लिहवत नाही.

दादा आता एक्कावन्नचा आहे. गेली तीन वर्षं त्याचा डावा, नऊ नंबरचा, पाय थकायला लागलाय. जिने नकोसे होतात, पायांत पेटके येतात, भर उन्हाळ्यातही पाय गार पडतात. मी त्याला मुंबईला आणलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं तसं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चेतापेशी मेल्या तेव्हा त्यांच्या ताब्यातले स्नायूतंतू पोरके झाले. उरलेल्या पेशींनी नव्या फांद्या फोडून त्यांतले जमतील तेवढे पदरात घेतले. एकेका पेशीनं कित्येकींचं काम पन्नास वर्षं ओढलं. आता त्या दमल्या आहेत. आणि धड वाटणाऱ्या डाव्या पायातही १९७५ला काही पेशी गेल्याच असणार, फक्त दिसलं नव्हतं. व्यायाम बेतानं करा, काठी आधीच घ्या, पडायची वाट बघू नका, असं त्या म्हणाल्या. आपल्या देशात दादासारखे लाखो आहेत. पोलिओ गेला म्हणताना ही माणसं कुणाच्याच मोजणीत येत नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईलाही सगळं सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. विषाणू, पाणी, पोट, मज्जारज्जू. सुईचंही सांगितलं, उंदरांचा प्रयोगही. दवाखान्यात जाण्याआधीच तो त्याच्या अंगात होता गं, म्हटलं. तू धरलंस म्हणून काही झालं नाही. आणि दोनशेतल्या एकाचंही सांगितलं.

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. दादा खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"मंग बाकीची एकशे नव्याण्णव लेकरं कुठं असतील गं?" तिनं विचारलं.

त्यांना कळलंही नसेल, मी म्हटलं. गावातलीच असतील. पुराच्या पाण्यात खेळणारी.

आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि बोटावर मोजायला लागली. "सुताराची थोरली होती. गुरवाची जुळी. मास्तरांचा मधला, तो तर रोज आपल्याच अंगणात असायचा." दादानं डोळे उघडले. टीपॉयवरचा माझा वहीचा कागद ओढला आणि ती एकेक मूल सांगेल तशी रेघ मारत गेला.